नव्या वर्षात घर आवरायला काढताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्ष बदलायच्या सुमारास घरातल्या अडगळीबद्दल जे प्रश्न हमखास निघतात ते इथे एकत्र केले आहेत. क्रमाने वाचायलाच हवं असं नाही. ज्या कपाटासमोर उभे असाल त्याचा प्रश्न आधी काढा. फक्त 'सुरुवात कुठून करायची' हा प्रश्न कपाटाला हात लावण्यापूर्वी वाचा, कारण बहुतेकांचं गाडं तिथेच अडतं.

आवरायला नवीन वर्षाचाच मुहूर्त कशाला हवा?

हवाच असं नाही. पण तारीख बदलली की माणसाला उभारी येते हे खरं आहे. हेंगचेन दाई, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रीस यांचा २०१४ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. वर्ष, महिना, अगदी आठवडा नवा सुरू झाला की व्यायामशाळेत जाणारे वाढतात आणि इंटरनेटवर 'डाएट' शोधणारेही वाढतात, असं त्यात दिसलं. जुना हिशेब मागे पडला, आता पाटी कोरी, असं वाटतं म्हणून.

अर्थात नव्याचे नऊ दिवस. ही उभारी फार टिकत नाही, हे धरूनच बेत आखावा. सुरुवातीच्या उत्साहात लोक मोज्यांच्या घड्या घालत बसतात आणि माळ्यावरचं खोकं उतरवायची वेळ येते तेव्हा अंगात त्राण नसतं. ज्या कामाचा एरवी कंटाळा येतो (फोन करणं, चौकशी करणं, मोठी वस्तू उचलायला माणूस बोलावणं) ते पहिल्या दोन-तीन दिवसांत उरकून घ्या. मोजे केव्हाही होतील.

सुरुवात नेमकी कुठून करायची?

दारापासून. वस्तू घराबाहेर कुठे, कोणाकडे आणि कोणत्या दिवशी जाणार हे आधी ठरवायचं, मग कपाट उघडायचं.

सहसा होतं उलटं. दिवसभर खपून चार पिशव्या भरतात, त्या दाराशी ठेवल्या जातात. मग त्या गॅलरीत जातात. आठवड्याने कोणीतरी 'अरे, हे चांगलं आहे की' म्हणत त्यातून एक वस्तू काढतं. महिन्याभरात निम्मी पिशवी परत कपाटात जाते आणि उरलेली निम्मी गॅलरीची कायमची रहिवासी होते. काय टाकायचं हे या घरांत बरोबर ठरलेलं असतं, पण ते बाहेर जायची वाट ठरलेली नसते. आवराआवर फसण्याचं हेच मुख्य कारण आहे असं माझं मत आहे, आणि पुढच्या बऱ्याच उत्तरांत मी त्याच मुद्द्यावर परत येणार आहे.

म्हणून आधी एका कागदावर लिहून काढा: रद्दी-भंगार कोण नेतं, वापरण्याजोगे कपडे कोण घेतं, बंद पडलेली उपकरणं आणि बॅटऱ्या कुठे स्वीकारतात, मुदत संपलेली औषधं परत घेणारं औषधाचं दुकान जवळपास आहे का, पलंग किंवा कपाट उचलायला कोण येईल. प्रत्येकापुढे वार लिहा. ज्याच्यापुढे वार लिहिता आला नाही, त्या प्रकारच्या वस्तू या खेपेला काढूच नका.

हे झालं की पहिला कप्पा असा निवडा जिथे मन अडकत नाही. न्हाणीघरातलं फडताळ, औषधांचा डबा, स्वयंपाकघरातला तो एक ड्रॉवर. फोटोंच्या पेटीपासून सुरुवात केलीत तर संध्याकाळ होईल, डोळे भरून येतील आणि पेटी होती तशीच राहील.

एका सुट्टीत सगळं घर होऊन जाईल ना?

नाही होणार. सगळं घर एकदम जमिनीवर काढून ठेवलंत तर रात्री झोपायला जागा उरणार नाही, आणि मग जे हाताला लागेल ते जिथे मावेल तिथे कोंबलं जाईल. एका बैठकीत एकच कप्पा किंवा एकच पेटी घ्या, ती रिकामी करा, पुसा, परत लावा आणि थांबा.

खोलीवार आवरावं की एका प्रकारच्या वस्तू एकत्र करून?

ज्या वस्तू घरभर विखुरलेल्या असतात त्या प्रकारानुसार घ्याव्यात: कात्र्या, चार्जर, पेनं, छत्र्या, पिशव्या, पाण्याच्या बाटल्या. सगळ्या एका जागी आल्या की आकडा पाहूनच निर्णय होतो, वेगळा विचार करावा लागत नाही. जड सामान, पुस्तकं आणि भांडी मात्र जागच्या जागी पाहिलेली बरी. ती घरभर नाचवण्यात काही राम नाही.

'कधीतरी लागेल' या विचारातून सुटका कशी करून घेऊ?

पूर्ण सुटका करून घेऊ नका, तो विचार कधीकधी बरोबर असतो. विजेरी, प्रथमोपचाराची पेटी, पाना-स्क्रू ड्रायव्हर, जादा किल्ल्या, पाण्याचा मुख्य नळ बंद करायची चावी या गोष्टी वर्षभर हाताला लागत नाहीत, पण लागतात तेव्हा त्याच क्षणी लागतात. 'वर्षभर वापरलं नाही म्हणजे टाका' हा नियम अशा वस्तूंना लावणं वेडेपणाचं आहे.

बाकीच्या वस्तूंना दोन प्रश्न विचारा. पहिला: ही खरोखर लागली तर दोन-चार दिवसांत आणि फारसा भुर्दंड न पडता पुन्हा मिळेल का? शेजाऱ्याकडून मागता येईल का? दुसरा: ही आज माझ्याकडे नसती तर मी मुद्दाम जाऊन आणली असती का?

दुसरा प्रश्न मुद्दाम असा उलटा विचारायचा असतो, कारण वस्तू आपली झाली की तिची किंमत आपल्याच नजरेत वाढते. अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर यांनी १९८० मध्ये या ओढीला 'एंडाउमेंट इफेक्ट' असं नाव दिलं आणि पुढे डॅनियल कानमन व जॅक नेच यांच्यासोबत १९९० मध्ये तिचे प्रयोग प्रसिद्ध केले. वर्गातल्या काही विद्यार्थ्यांना एकेक साधा मग दिला आणि विकायचा झाला तर किती घ्याल असं विचारलं. ज्यांना मग मिळाला नव्हता त्यांना विचारलं, विकत घ्यायचा तर किती द्याल. मगवाल्यांनी सांगितलेली रक्कम जवळपास दुप्पट निघाली, आणि मग तर त्यांच्या हातात नुकताच आला होता. तुमच्या कपाटातले मग तिथे कितीतरी वर्षं बसलेले आहेत.

वस्तू महागाची होती, एकदाच वापरली. टाकवत नाही.

पैसे गेले ते वस्तू आणली त्या दिवशी. ठेवून ते परत येत नाहीत, उलट जागा जाते आणि कपाट उघडलं की दर वेळी थोडा अपराधीपणा येतो.

याचं एक चांगलं उदाहरण हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर यांनी १९८५ मध्ये मांडलं. नाट्यगृहाची हंगामाची तिकिटं काहींना पूर्ण दराने आणि काहींना सवलतीत दिली. कोणाला सवलत मिळणार हे नशिबावर सोडलं होतं. हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात पूर्ण दर भरलेल्यांनी जास्त नाटकं पाहिली. नाटकं तीच होती, फक्त खिशाला बसलेला चिमटा वेगळा होता. घरातल्या व्यायामाच्या सायकलवर कपडे वाळत घालून आपण तिची किंमत वसूल करतो, तो प्रकार यातलाच.

विकायची असेल तर जरूर विका. मात्र जाहिरात टाकताना तिच्यासोबत एक तारीखही ठरवा. तोवर गिऱ्हाईक आलं नाही तर वस्तू देऊन टाकायची. 'चांगला भाव आला की विकू' म्हणून ठेवलेल्या वस्तू घरात सर्वांत जास्त काळ मुक्काम करतात.

भेट म्हणून आलेल्या वस्तूंचं काय? देणाऱ्याने विचारलं तर?

बहुतेक वेळा देणाऱ्याच्या लक्षातही नसतं. सासूबाईंनी स्वतःच्या हाताने विणून दिलेला स्वेटर आणि समारंभात कोणीतरी हातात ठेवलेलं शोभेचं घड्याळ यांत फरक करा. पहिल्यासाठी जागा काढा, दुसऱ्यासाठी मान राखायची गरज नाही. फक्त ती वस्तू ज्याने दिली त्याच्याच घरी फिरून जाणार नाही एवढी काळजी घ्या.

आठवणींच्या वस्तू आणि गेलेल्या माणसाचं सामान कधी आवरावं?

याला मुदत नसते. नातेवाईक घाई करतात, 'बघत राहिलीस की त्रास होतो' म्हणतात, पण ज्याचं माणूस गेलं त्याने ठरवावं. निकडीच्या चारच गोष्टी आहेत: कागदपत्रं, औषधं, फोन आणि किल्ल्या. त्या बाजूला काढून नीट ठेवा, औषधांची विल्हेवाट लावा. चष्मा, चपला, कपडे राहू द्यात. काही जण पंधरा दिवसांत कपाट मोकळं करतात, काहींना दोन वर्षं लागतात, आणि दोघांचंही बरोबर असतं.

वेळ आली की निवड उलट्या बाजूने करा. 'काय टाकू' असं विचारलं की प्रत्येक वस्तूशी नवी झटापट होते. 'यातलं काय माझ्याजवळ राहायलाच हवं' असं विचारलं तर हात आपोआप चार-पाच वस्तूंकडे जातो. त्या माळ्यावर बांधून ठेवू नका, वापरात आणा. वडिलांचं पेन लिहायला घ्या, आईची शाल अंगावर घ्या. उरलेल्यांतलं भावंडांना, नातवंडांना हवं ते आधी विचारून द्या. इथे घाईत दिलेली एक वस्तू पुढे घरातल्या भांडणाचं कारण होते.

जी ठेवता येत नाही पण सोडवतही नाही, तिचा फोटो काढा. कॅरन विंटरिच, रिबेका रेझेक आणि ज्युली अर्विन यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वसतिगृहातल्या विद्यार्थ्यांना 'आठवणीतल्या वस्तूंचा फोटो ठेवा, वस्तू दान करा' असं सुचवलं होतं. नुसतं 'दान करा' असं आवाहन ज्यांना केलं, त्यांच्यापेक्षा या गटाकडून सुमारे १५ टक्के जास्त वस्तू आल्या. फोटोसोबत दोन ओळी लिहून ठेवा: कोणाची, कुठली, कधीची. त्या ओळी नसतील तर पुढच्या पिढीला तो एका जुन्या कपाचा फोटो एवढंच दिसेल.

जुने फोटो आणि कॅसेट?

चिकट पानांवर प्लॅस्टिकचा पापुद्रा असलेले अल्बम फोटोंचे वैरी आहेत. त्यातला डिंक पिवळा पडतो आणि फोटो कायमचा चिकटून बसतो. सहज निघत असतील तर काढून आम्लरहित कागदाच्या पाकिटांत ठेवा. निघत नसतील तर ओढू नका, पानासकट स्कॅन करा. नावं फोटोच्या मागे कडेला मऊ पेन्सिलीने लिहा. बॉलपेनाचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. एकाच प्रसंगाचे सतरा फोटो असतील तर दोन पुरेत.

व्हिडिओ कॅसेट असतील तर हे काम लांबवू नका. चुंबकीय फीत काळानुसार खराब होते, आणि तिचे प्लेअर बनवणारी जपानची फुनाई ही शेवटची कंपनीही २०१६ मध्ये थांबली. चालू मशीन मिळणं दरवर्षी अवघड होत चाललं आहे. ज्या कॅसेटवर आपली माणसं आहेत त्या आधी डिजिटल करून घ्या.

कपड्यांच्या कपाटाला हात लावायची भीती वाटते.

मग आज काही टाकू नका. टांगलेले सगळे हॅंगर उलट्या तोंडाने अडकवा. कपडा घातला, धुतला की परत ठेवताना हॅंगर सुलट करा. काही महिन्यांनी उलटे राहिलेले कपडे तुम्हाला न विचारताच उत्तर देतील. थंडीचे आणि समारंभाचे कपडे या हिशेबातून वगळा.

'बारीक झाले की घालीन' या वर्गातला एखादा आवडता कपडा ठेवायला हरकत नाही, पण अख्खा कप्पा अडवू नका. आजच्या अंगाला बसणारे कपडे दर्शनी असावेत. फाटके, डागाळलेले, सैल पडलेले सुती कपडे पुसायला काढा, आणि त्यातही एक ठरावीक डबा भरला की थांबा. फडक्यांचाही पसारा होतो.

एक गोष्ट जरा आवाज चढवून सांगतो. डांबराच्या गोळ्यांत नॅफ्थलीन असतं. अशा गोळ्यांत वर्षानुवर्षं ठेवलेली दुपटी, झबली, ब्लॅंकेटं कपाटातून काढून थेट तान्ह्या बाळाला वापरली जातात, आणि ते धोक्याचं आहे. ज्या बाळांत जी-सिक्स-पी-डी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असते, त्यांच्या लाल रक्तपेशी नॅफ्थलीनमुळे फुटू शकतात आणि तीव्र कावीळ होऊ शकते. ही कमतरता घरच्यांना बहुधा आधी माहीतच नसते. बाळासाठीच्या कपड्यांत या गोळ्या टाकूच नयेत, आणि गोळ्यांतून निघालेले कपडे बाळाला वापरूच नयेत.

मुलांची खेळणी गुपचूप काढून टाकली तर चालेल का?

नको. मुलांच्या लक्षात येतं, आणि एकदा विश्वास गेला की पुढे तुटकं चाकसुद्धा सोडत नाहीत. लहान मुलांसमोर दोन-दोनच पर्याय ठेवा, मोठ्यांना एक खोकं द्या: यात मावेल ते तुझं, बाकीचं कोणाला द्यायचं ते तूच सांग.

उरलेल्यांतली निम्मी खेळणी नजरेआड ठेवून महिन्याने आलटून-पालटून काढली तरी चालतं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात छोट्या मुलांसमोर एकदा चार आणि एकदा सोळा खेळणी ठेवली. चारच असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली.

खेळणी चाळताना बटणासारख्या चपट्या बॅटऱ्यांवर विशेष लक्ष ठेवा. मुलाने गिळली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांच्या आत गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. संपलेली बॅटरीही सुरक्षित नसते. गिळल्याची नुसती शंका आली तरी थेट रुग्णालय गाठा.

घरातलं माणूस काहीच टाकू देत नाही.

दुसऱ्याची वस्तू त्याच्या परवानगीशिवाय टाकायची नाही, मग ते नवरा असो, बायको असो, नाहीतर सासरे. हा नियम पाळला तर निम्मी भांडणं टळतात. आधी आपलं कपाट मोकळं करा. सामायिक जागांपैकी कोणती रिकामी असावी, एवढंच सगळ्यांनी बसून ठरवा: जेवणाचं टेबल, जिना, दाराची वाट.

मात्र साठवण्याचा स्वभाव आणि साठवण्याचा आजार यांत फरक आहे. पलंगावर झोपता येत नाही, चूल पेटवता येत नाही, बाहेर पडायची वाट अडली आहे आणि तरी रद्दीचा कागद सोडताना त्या माणसाचा जीव कासावीस होतो, असं असेल तर तो हट्ट नव्हे. अमेरिकेतल्या मनोविकारांच्या यादीने २०१३ मध्ये या आजाराला स्वतंत्र स्थान दिलं, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणातही तो आहे. अशा माणसाच्या गैरहजेरीत घर रिकामं केलं तर त्याला मोठा धक्का बसतो आणि घर पुन्हा भरतं. मनोविकारतज्ज्ञाची मदत घ्या. तोवर आग लागू नये आणि पाय अडकून कोणी पडू नये एवढ्यापुरत्या वाटा मोकळ्या ठेवा.

पसाऱ्याचा मनावर खरंच परिणाम होतो?

संबंध दिसतो. डार्बी सॅक्सबी आणि रेना रेपेटी यांनी २०१० मध्ये नोकरी करणाऱ्या जोडप्यांचा अभ्यास केला. घर दाखवताना ज्या स्त्रिया 'पसारा', 'अर्धवट राहिलेलं' अशा अर्थाचे शब्द जास्त वापरत, त्यांच्यात कॉर्टिसोल या ताणाशी निगडित संप्रेरकाची पातळी दिवसभरात जशी उतरायला हवी तशी उतरत नव्हती. पसाऱ्यामुळे ताण की ताणामुळे पसारा, हे यातून सिद्ध होत नाही. पसारा पाहिल्यावर तो आवरण्याची जबाबदारी घरात कोणाची धरली जाते, हेही यामागे असावं असं मला वाटतं.

कोणते कागद ठेवायचे, कोणते फाडायचे?

जन्म, मृत्यू, विवाह, शिक्षण, मालमत्ता, मृत्युपत्र यांचे मूळ कागद कायम. कर, विमा, कर्ज यांचे कागद तुमच्या इथल्या कायद्याने जितकी वर्षं जपायला सांगितलं आहे तितकी. वीज-पाण्याची जुनी बिलं, जुन्या उपकरणांच्या माहितीपुस्तिका, पत्रकं यांतलं जवळपास सगळं जाऊ शकतं.

दुकानाच्या चकचकीत पावत्यांवरची अक्षरं उष्णतेने आणि उजेडाने उडतात. वॉरंटीसाठी हवी असेल तर पावती मिळाल्या दिवशीच फोटो काढा. हा कागद रसायन लावलेला असतो, त्यामुळे तो रद्दीच्या गठ्ठ्यात घालू नये. खाते क्रमांक, सही, पत्ता असलेले कागद बारीक फाडा. पार्सलच्या खोक्यांवरची नाव-पत्त्याची चिठ्ठी खोकं देण्याआधी काढायची असते, आणि ती नेमकी सगळे विसरतात.

मुदत संपलेली औषधं कुठे टाकायची?

शक्यतो परत घेणाऱ्या औषधाच्या दुकानात किंवा केंद्रात. ती सोय नसेल तर गोळ्या पाकिटातून काढून माती किंवा वापरलेल्या कॉफीच्या चोथ्यात कालवा, पिशवी घट्ट बंद करा आणि मग कचऱ्यात टाका. म्हणजे मूल किंवा जनावर ती उचलून खात नाही. रिकाम्या पाकिटावरचं नाव खोडा. औषधासोबतच्या पत्रकात तसं स्पष्ट लिहिलेलं असल्याशिवाय औषधं संडासात ओतू नका; ती पाण्यात जातात, आणि प्रतिजैविकं (अँटिबायोटिक्स) पाण्यात गेली की जंतूंना सरावाची संधी मिळते. उरलेली प्रतिजैविकं 'पुढच्या वेळेसाठी' ठेवणं किंवा शेजारी देणं हेही नको. सुया आणि लॅन्सेट (रक्त तपासायला बोट टोचायच्या बारीक सुया) जाड, झाकण लागणाऱ्या डब्यात वेगळे द्या.

जुने फोन, वायरी आणि बॅटऱ्या?

२०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निघाला, आणि त्यातला रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद फक्त २२.३ टक्क्यांची आहे. ही आकडेवारी संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालातली. उरलेल्यातला बराचसा ड्रॉवरमध्ये झोपलेला असतो, किंवा कुठेतरी उघड्यावर जाळला जातो.

फोन देण्याआधी सगळं दुसरीकडे उतरवून घ्या, खात्यातून बाहेर पडा, मग फॅक्टरी रीसेट करा, सिम आणि मेमरी कार्ड काढा. खात्यातून बाहेर न पडता दिलेला फोन पुढच्याला निरुपयोगी ठरतो. संगणकावरची फाइल नुसती डिलीट केल्याने पुसली जात नाही, त्यामुळे जुनी हार्ड डिस्क पूर्ण पुसणाऱ्या सॉफ्टवेअरने पुसून घ्या किंवा काढून स्वतःकडे ठेवा.

लिथियमच्या बॅटऱ्या साध्या कचऱ्यात गेल्या की दाबल्या जाऊन पेट घेतात. दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावून त्या संकलन केंद्रात द्या. बॅटरी फुगलेली दिसली तर चार्ज करू नका, दाबू नका, टोचू नका. जळणाऱ्या वस्तूंपासून लांब ठेवा आणि शक्य तितक्या लवकर पोचवा. या एका वस्तूसाठी ठरलेल्या वाराची वाट पाहू नका.

वायरींसाठी सोपा नियम: जी कोणत्या उपकरणाची आहे हे सांगता येत नाही ती जाऊ दे. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोन-टॅब्लेटना टाइप-सी जोडणी सक्तीची केल्यापासून गोल, चपट्या, रुंद तोंडाच्या जुन्या वायरींची गरज आणखीच घटत चालली आहे. प्रत्येक प्रकारची एक चांगली ठेवा.

पाऱ्याचे थर्मामीटर आणि ट्यूबलाइट?

साध्या कचऱ्यात नको, धोकादायक कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या. पाऱ्याबाबतच्या मिनामाता करारानुसार असे थर्मामीटर बनवणं आणि त्यांची आयात-निर्यात २०२० पर्यंत थांबवायची होती, पण घराघरांतले जुने अजून आहेतच. फुटला तर खिडक्या उघडा, मुलांना खोलीबाहेर काढा आणि थेंब जाड कागदाने गोळा करून बरणीत बंद करा. झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर अजिबात नको, त्याने पारा पसरतो.

दान करायला काय चालतं?

तुम्ही स्वतः मित्राला हातात द्याल ते. धुतलेलं, बटणं शाबूत, चेन चालू, जोडीतले दोन्ही बूट हजर. फाटकं आणि कळकट सामान 'गरजूंना' म्हणून पाठवणं म्हणजे आपला कचरा दुसऱ्याच्या दारात टाकणं. तो निवडायचा आणि फेकायचा खर्च त्या संस्थेवर पडतो. आधी फोन करून काय हवं ते विचारा.

काही वस्तू चांगल्या दिसल्या तरी देऊ नयेत: अपघातात आपटलेलं हेल्मेट, मुदत उलटलेली मुलांची गाडीतली सीट, वायर सोललेली उपकरणं, ढेकणांची शंका असलेली गादी.

आधी छानसे डबे आणि बास्केट आणू का?

नको. काय उरणार हे कळल्याशिवाय डब्याचं माप कसं कळेल? तोवर रिकामी खोकी वापरा. बऱ्याच घरांत आवरून झाल्यावर जुने डबेच उरतात.

टाकल्यावर पश्चात्ताप झाला तर?

एखाद्या वस्तूबद्दल होतोही. ज्यांच्याबद्दल मन खरोखर दोलायमान आहे त्या एका खोक्यात बंद करा, वर सहा महिन्यांनंतरची तारीख घाला, आत काय आहे ते मात्र लिहू नका. तोवर उघडायची गरज पडली नाही तर न उघडता द्या. उघडून पाहिलंत की वर सांगितलेल्या कॉफी-मगच्या प्रयोगासारखं होतं, आपली वस्तू पुन्हा मोलाची वाटू लागते. कागदपत्रं आणि दागिने या खोक्यात कधीही घालू नयेत, हे सांगायला नको.

पुन्हा तेवढंच साचू नये म्हणून काय करावं?

'एक आलं की एक गेलं' हा नियम कपडे, बूट, खेळणी, भांडी यांना छान लागू पडतो. पुस्तकवेड्यांनी तो पाळल्याचं मी पाहिलेलं नाही. याहून उपयोगी म्हणजे बाहेर जाणाऱ्या वस्तूंसाठी दाराजवळ एकच ठरावीक पिशवी आणि महिन्यातला एक ठरावीक दिवस. पिशवी भरो न भरो, त्या दिवशी ती जाते. फुकट मिळणाऱ्या वस्तूंना जागच्या जागी नाही म्हणा, विशेषतः समारंभातल्या पिशव्या, बाटल्या, पेनं, डायऱ्या.

सवय २१ दिवसांत लागते असं सांगतात, त्यावर विसंबू नका. लंडनमध्ये झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला लोकांना १८ पासून २५४ दिवसांपर्यंत कितीही वेळ लागलेला दिसला. फेब्रुवारीत पिशवी न्यायची राहिली तर मार्चमध्ये न्या.

हरवली म्हणून नवी आणली, आणि आवरताना जुनी सापडली. कोणती ठेवू?

काखेत कळसा आणि गावाला वळसा, हे आवरताना प्रत्येक घरात एकदा तरी होतं. दोन्ही हातात धरून पाहा, जी चांगली चालते ती ठेवा. नवीची पावती असेल आणि परत करायची मुदत उरली असेल तर आजच परत करा. आणि या वेळी ती जिथे शोधायला तुम्ही सर्वांत आधी गेला होतात, तिथेच ठेवा.